एल्विनेचे हातमोजे

आमच्या बेटावर रिवाज असा, की मेलेल्याची पेटी उचलणाऱ्या सहा जणांना मेलेल्यानंच लोकरीचे हातमोजे द्यायचे. म्हणजे बाईमाणसानं ते जिवंतपणीच विणून संदुकीत ठेवायचे. एल्विने मावशीनं सत्तरीत सहा जोड विणले. त्याआधी, तिची पेटी उचलणार होतो त्या आम्हा सहा जणांना ओळीनं उभं करून सुतळीनं पंजे मोजले. माझं माप घेताना म्हणाली, "युहान, ह्यो पंजा न्हाई, वल्हं हाय."

सतरा वर्षं मोजे संदुकीत पडून होते. मग जुन्या शाळेत लोककलेचं संग्रहालय निघालं. ते चालवायला राजधानीतून, तालिनहून आलेली हेल्यो बाई उन्हाळ्यापुरते म्हणून मोजे मागून घेऊन गेली. मावशीनं चष्म्यावाचून कागदावर सही केली. मोजे काचेत गेले, त्यांना नंबर पडला आणि ते कायमचे संग्रहालयाचे झाले.

त्याच वर्षी पानं गळायच्या सुमाराला मावशीला धाप लागायला लागली. डॉक्टरनं मान हलवली. मावशी काठी टेकत संग्रहालयात गेली, सोबत मी.

"मोजे दे बाई. मला मरायचंय."

"नोंदवलेली वस्तू देता येत नाही, मावशी. दुसरे विणा की."

"बोटं बघ माझी. वाळल्या शेंगा झाल्यात."

"मग दुकानातले आणा."

"दुकानातले वाटून वर जाऊ? तिथं माझी सासू हाय."

हेल्यो बाई वाईट नव्हती. नियम चाळून तिनं वाट काढली. परंपरेचं प्रात्यक्षिक दाखवायला वस्तू एका दिवसासाठी बाहेर जाऊ शकते. अर्जात तारीख मात्र आधी लिहावी लागते.

मावशीनं विचार केला. "नोव्हेंबरातल्या मार्टिनच्या सणाला लिही. तवर बटाटे निघत्यात, माणसं रिकामी असत्यात."

"आणि संध्याकाळी पाचला मोजे परत."

"दिलेलं परत घ्यायचं? ते मग बघू."

सणाच्या सकाळी आम्ही सहा जण काळे कोट घालून तिच्या दारात. हेल्यो बाई पातळ कागदात गुंडाळलेले मोजे घेऊन आली. आत मावशी वाटाण्याचं सूप ओरपत बसलेली.

"मावशी, हे काय?" मी विचारलं.

"काल झोप लागली बघ. धापबी कमी हाय. आता मी काय करू?"

हेल्यो बाई अर्जाकडं बघत राहिली. प्रात्यक्षिक झालं नाही तर अर्ज खोटा ठरणार.

"उचला मग," मावशी म्हणाली. "कागदावर हाय तसं करा."

आम्ही मोजे घातले आणि तिला खुर्चीसकट उचलून दफनभूमीपर्यंत नेलं. वाटेत लोकांनी टोप्या काढल्या. पाद्रीबाबा गोंधळून घंटा वाजवायला गेला. वरनं मावशी पुढच्या उचलणाऱ्याला म्हणत होती, "लेम्बिट, सरळ चाल. मेले असते तर बोलले नसते, पर अजून जिती हाय."

येताना धक्क्यावर हेरिंग मासळीची होडी लागली होती. दोघी बायकाच जाळं ओढत होत्या.

"मला ठेवा खाली. त्यास्नी हात लावा."

"मोजे काढून," हेल्यो बाई घाईनं म्हणाली.

"मोज्यांसकट," मावशी म्हणाली. "हात लावायलाच इणलेत."

आम्ही तिचंच ऐकलं. पाच वाजता हेल्यो बाईनं मोजे नाकापासून लांब धरले. लोकरीत खवले, रक्त आणि डांबर. वहीत तिनं लिहिलं, 'खराब, नोंद रद्द', आणि मोजे मालकिणीला देऊन टाकले.

मावशीनं ते तीनदा राखेच्या पाण्यात धुतले आणि संदुकीत ठेवले. मोजे घरात आल्यावर तिला कसली घाई राहिली नाही. वसंतात तिनं पुन्हा बटाटे लावले. परवा मला हाक मारून पंजा परत मोजला. म्हणाली, लोकर आटली असंल.