आजोबांसमोर वाचलेला रिपोर्ट

"अल्झायमर्स आहे," राजारामपुरीतल्या क्लिनिकमध्ये डॉक्टर म्हणाले आणि आजोबांच्या एमआरआयचा रिपोर्ट माझ्या हातात दिला. सन दोन हजारच्या आसपासची गोष्ट. मी कॉलेजात होते.

घरी बाबा म्हणाले, "इंग्लिश शाळेत घातलं हुतं न्हवं तुला, वाच की."

मी वाचला. अ‍ॅट्रॉफी म्हणजे आकसणं. "आजोबांचा मेंदू आकसलाय," मी सांगितलं. आजोबा समोरच पलंगावर बसले होते. त्यांना काय कळतंय, असं आम्ही धरलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते दूधकट्ट्यावर जायचे थांबले. रोज संध्याकाळी तिथे म्हशी येतात. समोर धार काढून घ्यायची आणि उभ्यानेच ग्लास संपवायचा, ही त्यांची वर्षानुवर्षांची सवय. मग जेवण सुटलं, बोलणं सुटलं. शर्ट अंगावर लोंबायला लागला. आजार वाढला, असं आम्ही म्हणत राहिलो.

पुन्हा दाखवायला नेलं, तेव्हा डॉक्टरांना तसं वाटलं नाही. त्यांनी पुण्याला स्पेक्ट स्कॅनसाठी पाठवलं. शिरेतून औषध देतात, कॅमेरा डोक्याभोवती फिरतो, मेंदूत रक्त कुठे कमी पोचतंय ते रंगांत दिसतं. बाहेर बाकावर मी आजोबांची टोपी धरून बसले होते.

चित्रात कपाळामागचा भाग फिका होता. "नुसत्या चित्रावरून मी सांगत नाही," आमचे डॉक्टर म्हणाले, "पण वागणं त्याच्याशी जुळतंय. विस्मरणासोबत डिप्रेशन आहे. मन खचलंय. त्यावर उपचार आहेत. घरात काही घडलं होतं का?"

रिपोर्ट आजोबांसमोर वाचला, हे मीच सांगितलं. परक्या माणसासमोर इतकं सलग मी पहिल्यांदाच बोलले.

तुमच्या घरी असा रिपोर्ट आला, तर तो वाचण्याआधी समोर कोण बसलंय ते बघा.

गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी आजोबांना रोज कट्ट्यावर न्यायचे. दूध न पिताच ते परत फिरायचे. दीडेक महिन्याने गवळी म्हणाला, "अण्णा, म्हस रुसलीया तुमच्यावर."

"मग समजूत घाल की तिची," आजोबा म्हणाले आणि हात पुढे केला.

ग्लास रिकामा करून त्यांनी मिशीवरचा फेस पुसला, माझ्याकडे पाहिलं. मी कोण, हे त्यांच्याकडून हरवलं होतं. ते परत येणार नव्हतं.

"पावणीला बी दे एक," ते गवळ्याला म्हणाले. "लांबनं आलीया."

कच्च्या दुधाचा वास मला कधीच सोसायचा नाही. त्या दिवशी ग्लास संपवला. आजही त्या बाजूला गेले की एक घेते, पाहुणीसारखी.