बोर्डावर माझी आय

मी नववीला हुते तवाची गोष्ट. शाळेची सहल तलावावर निघाली. सहल म्हंजे काय, गावातनं चालत बांधापर्यंत. बांधावर नवा बोर्ड लावला हुता, दोन लोखंडी खांबांवर. त्यावर माझ्या आयचा फोटो. गुडघाभर पाण्यात हुबी, लुगडं खोचलेलं, दोनी हात वर, तोंड उघडं. तिच्या म्होरं गुलाबी पक्ष्यांचा थवा उडालेला. खाली लाल अक्षरं: 'पक्ष्यांना त्रास देऊ नका. तलाव आपला आहे.'

सरांनी ते वर्गाकडनं मोठ्यानं वाचून घेतलं. सगळ्यांनी वाचलं. मीबी वाचलं.

मागनं एक पोरगी म्हणाली, "सर, ही हिची आय हाय."

सरांनी माझ्याकडं बघितलं. "घरी सांगायला नको का आईला? मग शाळेत येऊन उपयोग काय?"

पोरं हसली. मला रडू आलं न्हाई. लोकांना वाटतं अशा टायमाला रडू येतं, राग येतो. काय येत न्हाई. कान गरम झाले आणि दप्तर लय जड वाटायला लागलं. मंग सगळी पक्षी बघायला गेली, त्यांच्या मागनं मीबी गेले.

आमी भोई. आमचा तलाव बारमाही न्हाई. पावसाळ्यात भरतो, थंडीत पक्षी येतात, उन्हाळ्यात तळ दिसतो. पाणी हाय तवर मासे, पाणी सरलं की गाळ. त्या वल्या गाळात बोटानं भोक पाडायचं आणि काकडीचं, कलिंगडाचं बी टाकायचं. नांगर नको, पाणी नको. सातबारा कुणाचाच न्हाई. आमच्या लोकांचा जुना नेम: पाण्यात ज्यानं ज्या जागी जाळं लावलं, पाणी हटल्यावर तिथला गाळ त्याचा. ज्याचं जाळं, त्याचा गाळ. ह्यावरनं आमच्यात कधी भांडण झालं न्हाई. बा लवकर गेला. आयनं त्याच जागी जाळं लावलं आणि त्याच गाळावर मला वाढवलं.

आता फोटोचं सांगते. सांगलीचे एक डॉक्टर पक्ष्यांचे फोटो काढायला यायचे. उतरायचे दादांकडं. दादा म्हंजे गावातले मोठे बागायतदार. तलाव सरकारचा, पण बांधावर चालतं त्यांचंच. पक्षी वाचवायची कमिटी हाय, तिचे अध्यक्षबी तेच. त्या दिवशी मी आयसंगं हुते. डॉक्टर काठावर कॅमेरा लावून लय वेळ बसले हुते. पक्षी खाली माना घालून चरत हुते, उडंनात. डॉक्टर कटाळले.

"मावशी, जरा पक्षी उठवा की," ते म्हणाले. "उडताना फोटो पायजे."

आय म्हणाली, "आवं, चरत्यात बिचारी. चरत्याला उठवू नये."

"एकदाच, मावशी."

आयनं उठवले. पाव्हणा माणूस, तोंड उघडून मागतोय, न्हाई कसं म्हणायचं? आमच्यात कुणाला न्हाई म्हणायची सवयच न्हाई. थवा उडाला, कॅमेरा कडकड वाजला. डॉक्टरांनी आयला "थँक्यू" म्हणलं. ती घरी येऊन दोन दिवस ते सांगत हुती, साहेब थँक्यू म्हणलं म्हणून.

कमिटीनं तोच फोटो बोर्डावर लावला आणि दुसऱ्याच दिवशी दादांच्या माणसांनी आयचं जाळं काढून बांधावर टाकलं. तिच्या एकटीचंच. दादांच्या चार मोटारी त्याच काठावर रातध्याड पाणी ओढत्यात, ऊस पितोय. पाणी लवकर आटलं की पक्षीबी लवकर जात्यात, हे आमच्यातलं शेंबडं पोरगंबी सांगंल. पण मोटारींचा फोटो कुणी काढला न्हाई.

आय दादांच्या दारात गेली. दादा झोपाळ्यावर बसले हुते. म्हणाले, "पक्षी महोत्सव हाय. चारचौघांत माफी माग, मंग बघू जाळ्याचं."

ती कबूल झाली.

महोत्सवाला मांडव घातला हुता. कराडचे, सांगलीचे पाव्हणे आले हुते. डॉक्टर स्टेजवर, हार घालून. आयनं लग्नातलं लुगडं नेसलं हुतं. तिला माईकजवळ हुबी केली. तिनं हात जोडले.

"चुकलं माझं. परत न्हाई उठवायची."

एवढंच बोलली. डॉक्टरांनी माईक आपल्याकडं घेतला. आयकडं न बघताच म्हणाले, "यांना दोष देऊन चालणार नाही. अडाणी लोक आहेत, पक्ष्यांचं यांना काय कळणार? आपणच शिकवायला पाहिजे."

टाळ्या वाजल्या. आमचे सरबी वाजवत हुते.

मी पोरींच्या रांगेत बसले हुते. कशी उठले मला ठावं न्हाई. अंगात काय आलंबिलं न्हाई. फक्त बसवंना. मी रांगेतनंच इचारलं, "डॉक्टर, 'मावशी, जरा पक्षी उठवा की' असं कोण म्हणलं हुतं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मला आठवत नाही."

दादा म्हणाले, "खाली बस गं ए. दीड इतीचं पोरगं आणि तोंड बघा."

मी बसले न्हाई. "तुमाला आठवंना तर ऱ्हाऊ द्या. आय, तू खाली ये. तू काय केलेलं न्हाईस."

आय खाली आली. पण माझ्याकडं बघितलं न्हाई. घराजवळ आल्यावर म्हणाली, "माफी मागून काय अंगाला भोकं पडत न्हाईत. जाळं तरी मिळालं असतं." त्याचा राग मला आजबी हाय. तिचा न्हाई. तिला असं बोलायला लावलं, त्यांचा.

जाळं मिळालं न्हाई. पाणी मागं हटलं, आमचा गाळ उघडा पडला. आमचं जाळं नव्हतं, म्हंजे आमचा हक्क न्हाई, असं दादांचा माणूस आमचाच नेम आमाला सांगून गेला. मंग ट्रॅक्टर आला आणि गाळात दादांचा मका लागला. आय बांधावर उकिडवी बसून बघत हुती. तवा मला सगळं उमगलं. पक्ष्यांचं काय पडलेलं न्हाई कुणाला. त्यांना आमचा गाळ पायजे हुता. त्यापायी आमाला पक्ष्यांचे वैरी करून ठेवलं.

आता मी मलकापूरला मामाकडं ऱ्हाते, कराडला कॉलेजला जाते. काल गावाकडं आले. आल्याआल्या नवं जाळं खांद्यावर घेतलं आणि भर दुपारी पाण्यात उतरले. आमच्या जागी लावलं. दादांचा माणूस बांधावरनं वरडला, "कुणाला इचारलंस?"

"कुणाला न्हाई," म्हणलं.

आय घाबरलीय. तुझ्यासंगं येणार न्हाई म्हणते, परत जाळं काढतील म्हणते. काढतील. मी परत लावीन. पाणी हटलं की गाळात मी कलिंगडाचं बी टाकणार, ट्रॅक्टर आला तरी उठणार न्हाई. आय आली तर बरं. न्हाई आली तर एकटी.