म्हाळूतात्या आणि लाल बाण

म्हाळूतात्यांच्या सुनेचा, सुमनचा फोन आला तेव्हा मी डाळ निवडत बसले होते. "बाई, मामंजी गेले. सकाळीच गेले. चहा मागितला, अन् चहा व्हायच्या आत…" एवढं बोलून ती थांबली. मी विचारलं, "काही बोलले का गं?" म्हणजे पाहा, माणूस गेल्याची बातमी कानावर पडल्यावर पहिला प्रश्न काय, तर माझ्याबद्दल काही बोलले का! पंचाहत्तरी उलटली, चार नातवंडांची आजी झाले, पण स्वभाव तसाच राहिला. सुमन बिचारी म्हणाली, "कशाबद्दल, बाई?" मी म्हटलं, "काही नाही, येते मी," आणि फोन ठेवला. त्याच्या तीन आठवडे आधी मी त्यांच्या खाटेशी बसून एक गोष्ट सांगून आले होते. चाळीस वर्षं पोटात ठेवलेली. त्यावर ते काय म्हणाले, हे मला मेलीला अजून कळायचं होतं.

म्हाळूतात्यांचं नाव तुम्ही ऐकलेलं असायचं कारण नाही. कन्नड गावाच्या पुढं, गौताळ्याच्या डोंगराच्या पोटाशी धनगरांची पाच-सहा घरांची वस्ती आहे, तिथले ते. दोन एकर कोरडवाहू, शेळ्या, मेंढ्या, आणि डोंगर. मुलगा पुढं शेंद्र्याला कंपनीत लागला, सून सुमन वस्तीवरच राहिली. तात्यांनी शाळा पाहिली नव्हती, पण त्या रानातली प्रत्येक वाट त्यांना तळहातासारखी माहीत होती. आणि मला? मला भूगोल येत होता. मुलींच्या शाळेत मी भूगोलाची बाई होते, शहरात गुलमंडीच्या बाजारपेठेतल्या कापडदुकानवाल्यांची सून होते, आणि तिशीत मला असा शोध लागला होता की, या जिल्ह्यात डोंगर आहेत आणि ते माझ्यावाचून अडले आहेत. आम्ही दहा-बारा जणांनी मंडळ काढलं. दर महिन्याच्या एका रविवारी एसटीनं कन्नड गाठायचं आणि अभयारण्यात हिंडायचं. नवऱ्याची पँट, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात होकायंत्र. सासूबाई ओट्यावरून म्हणायच्या, "घंटा तेवढी राहिली गळ्यात बांधायची." आज तो फोटो पाहिला की वाटतं, सासूबाईंचं काहीच चुकत नव्हतं.

तर असंच एकदा होकायंत्रासकट आम्ही रस्ता चुकलो. एप्रिलचं ऊन, सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या. एका वळणावर शेळ्या दिसल्या आणि मागं घोंगडीवाला माणूस. हेच म्हाळूतात्या, पण तेव्हा माझ्या लेखी नुसता 'तो'. त्या शेळ्यांचा वास आला तशी मी रुमाल नाकाला लावला आणि रुमालाआडूनच विचारलं, "ए, इथून पाण्याची जागा किती किलोमीटर?" त्यानं मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. म्हणाला, "पानी हाय. एक बिडी वर." म्हणजे एक बिडी ओढून होईस्तोवर जेवढं चालणं होतं तेवढं. मी वहीत लिहिलं, "अंदाजे सव्वा किमी." तो पुढं, आम्ही मागं. जिथं जिथं वाट फुटायची तिथं तो एक हिरवी डहाळी मोडायचा, शेंडा जायच्या दिशेला करून जमिनीवर ठेवायचा आणि वर एक दगड. वर एका कपारीत गार, स्वच्छ पाणी होतं. गुडघे टेकून ओंजळीनं प्यायचं. आम्ही प्यालो… असं पाणी मी आयुष्यात प्याले नव्हते, हे मी त्या माणसाला मात्र सांगितलं नाही. उतरताना पाहते तर तो प्रत्येक डहाळी उचलून लांब झाडीत फेकतोय. मी वर्गातल्या आवाजात म्हटलं, "अरे, राहू दे ना! पुढच्या वेळी उपयोगी पडतील." त्यावर तो हसला. "म्हनूनच उचलतोय."

मग त्यानं जे सांगितलं ते मी वहीत 'लोकपरंपरा' असं शीर्षक देऊन उतरवून घेतलं, इतकी मी हुशार. रझाकारांच्या वक्ताला त्याची आख्खी वस्ती त्या कपारीला जाऊन राहिली होती. तो तेव्हा चार-पाच वर्षांचा, बापाच्या घोंगडीत. डोंगर ओलांडून पलीकडं उतरलं की चाळीसगाव, तिथं निजामाचं राज्य नव्हतं. रानातून माणसं गुपचूप पलीकडं जायची. पुढचा माणूस डहाळी ठेवायचा आणि सगळ्यांत मागचा उचलायचा. "एक जरी डहाळी ऱ्हायली असती ना, बाई…" एवढंच म्हणून त्यानं बिडी विझवली. पुढं पोलीस अॅक्शन झालं, माणसं खाली उतरली, पण रीत राहिली. आपल्या पायानं केलेली खूण आपल्याच हातानं उचलायची. मी विचारलं, "पण आता कुणाची भीती?" तो म्हणाला, "पान्याला कडी-कुलूप कुठं असतं, बाई?" मी मान डोलावली. मला काहीएक कळलं नव्हतं.

कळलं असतं तर पुढच्याच महिन्यात दुकानाच्या दारांना लावून उरलेला लाल ऑइल पेंटचा डबा घेऊन मी तिथं गेले नसते. तात्या त्या दिवशी कन्नडच्या बाजाराला गेले होते, ते मी विचारून घेतलं होतं, म्हणजे आपण करतोय ते त्यांना आवडणार नाही एवढी अक्कल होती! शाळेतल्या दोघी शिक्षिका सोबतीला आणि मी. प्रत्येक वळणावरच्या खडकावर एक बाण, चांगला वीतभर रुंद. एकतीस बाण मी काढले, एकटीनं, जीभ दाताखाली धरून, कडा नीट येतायत ना हे लांब जाऊन पाहत. शेवटच्या खडकावर 'पाणी' असंही लिहिलं, वेलांटी लफ्फेदार. घरी येऊन पेपरात लेख लिहिला, नकाशासकट. 'निसर्गाच्या कुशीत' वगैरे होतं त्यात. सासूबाईंनी तो लेख चष्मा लावून वाचला आणि त्यावर लसूण सोलला. त्या लेखाचा तेवढाच योग्य उपयोग झाला. (म्हणूनच, ही वाट कुठून सुटते ते मी या लेखात सांगणार नाही. पत्र लिहून विचारू नका.)

दोन उन्हाळ्यांत लोक बाणाबाणानं वर पोचले. पहिल्यांदा केळीची सालं आणि सिगारेटी. मग कोंबडीची हाडं, फुटक्या बाटल्या, पाण्यात सोडलेला साबणाचा फेस. पुढच्या वर्षांत गाड्या झाल्या, मोबाइल झाले, आणि आमची सुशिक्षित, दोन-दोन पगारांची शहरी माणसं बायकामुलांसह वर यायला लागली. कपारीच्या तोंडाशी बाळाचं घाण झालेलं डायपर मी या डोळ्यांनी पाहिलंय, नीट घडी करून ठेवलेलं, जसं काही कुणी उचलायला येणार होतं. पाण्यावर शाम्पूचा निळसर तवंग. एकदा वाढदिवसाचा केक कापून उरलेलं क्रीम त्या खडकाला फासलेलं आणि त्यावर मुंग्यांची रांग. माझ्या बाणांशेजारी पिवळे बाण, पांढरे बाण, बदाम, कुणा पिंकीचं नाव. शेळ्यांनी तिथं तोंड लावणं सोडलं. ज्या जनावरांच्या वासानं मी नाक झाकलं होतं त्यांना आमचा वास सहन होईना!

तात्यांनी विचारलं होतं. पहिल्याच वर्षी, वस्तीवर, माझ्यासमोर चहाची कपबशी ठेवून. "बाई, हे बान कुनी काढले असतील?" मी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, आणि म्हटलं, "कोण जाणे. कॉलेजची पोरं असतील." बस. एवढं सोपं असतं ते. ते म्हणाले, "लई वाईट केलं, पन पोरंच ती, त्यांना काय ठावं." आणि त्यांनी बाण घासायला घेतले. नुसता रंग खरवडला तर दगडावर बाणाचाच उजळ आकार उरतो आणि लोक त्याच्यामागं जातात, हे त्यांना पहिल्या आठवड्यात कळलं. म्हणून ते सगळा खडक घासायचे, मग लेंड्या ताकात कालवून त्यावर लिंपायचे, म्हणजे दगड काळा पडून शेवाळ धरतो. एका खडकाला दोन दोन दिवस. घासून संपत आले की कुणीतरी नवे काढून जायचं. आणि याहून किळसवाणं सांगू? मी त्यांना मदत करायला जायची! महिन्यातून एकदा, हातात रबरी मोजे घालून. घासता घासता म्हणायची, "काय घाणेरडे लोक असतात, तात्या." आणि ते म्हणायचे, "तुमी ऱ्हाऊ द्या, बाई. तुमी काय केलंय? तुमी बसा सावलीला." मी बसायची सावलीला. चाळीस वर्षांत त्या घरी मी किती भाकरी खाल्ल्या, त्यांच्या लेकाच्या लग्नात मिरवले, सुमनच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू पोचवले. एकेरीवरून 'तात्यां'वर कधी आले ते आठवतही नाही. सांगायचं मात्र राहून गेलं, असं मी स्वतःला सांगायची. राहून नव्हतं गेलं. मी ठेवलं होतं.

मग या वर्षी ते खाटेला लागले. सुमनचा निरोप आला, "जेवन तुटलंय." मी गेले. छातीची नुसती फासळ्यांची पाटी झालेली. माझ्याकडं पाहून म्हणाले, "या, भूगोल." असं म्हणायचे कधी कधी. आणि मला काय झालं, मी सगळं ओकून टाकलं. डबा, बाजाराचा दिवस, एकतीस बाण, 'पाणी', सगळं. ते ऐकत राहिले. मग विचारलं, "लाल?" मी म्हटलं, "लाल." ते आढ्याकडं पाहत म्हणाले, "पयला लालच व्हता. लई चिवट रंग." मग सुमनला हाक मारून, "बाईला चहा दे." मी म्हटलं, "तात्या, काहीतरी बोला. शिव्या द्या." त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. "चहा पिऊन जा, बाई. उनाच्या आत पोचाल."

परतीच्या एसटीत मला हलकं हलकं वाटत होतं, आणि कन्नड सुटल्यावर त्या हलकेपणाची शिसारी आली. मरत्या माणसाच्या दारात माझा चाळीस वर्षांचा कचरा टाकून मी हात झटकत घरी निघाले होते. डायपरची घडी करून ठेवणारी ती बाई आणि मी, आमच्यात फरक एवढाच की तिनं चहा घेतला नव्हता.

तेरावं झाल्यावर चार दिवसांनी मी सुमनला म्हटलं, मला कपारीपर्यंत ने. गुडघ्यांना पट्टे बांधून, दर पन्नास पावलांना बसत चढले. पूर्वीची एक बिडी आता अख्ख्या बंडलाची झाली होती. वर पोचेपर्यंत घशाला कोरड पडली, जीभ टाळूला चिकटली. तात्यांनी शेवटच्या दोन-तीन वर्षांत बरीच साफसफाई केली होती, पाणी पुन्हा बऱ्यापैकी दिसत होतं, तळाशी मात्र एक चमकतं पाकीट. मी गुडघे टेकले, ओंजळ पुढं केली. मागून सुमन म्हणाली, "बाई… थांबा जरा."

ती खाली मान घालून उभी होती. "तुमी फोनवर इचारलं व्हतं ना, काय बोलले का म्हनून. बोलले व्हते. पन सुतक व्हतं, मला सांगवंना." मी ओंजळ तशीच धरून बसले. "तुमी गेल्यावर दोन दिस बोललेच नायत. मंग म्हन्ले, बाई येईल वर. आली तर तिला ते पानी पिऊ देऊ नको." मी म्हटलं, "बरं." ती घाईनं पुढं म्हणाली, "तसं नाय, बाई. आमच्यात असतंय तसं. ज्याच्या शेळीनं पानी गढूळ केलं त्यानं ते निवळंस्तवर प्यायचं नाय. बाकीचे पितात. मामंजींनीबी एक साल पाळलंय तसं, त्यांच्या बोकडापायी." मी विचारलं, "मग आमचं कधी निवळायचं?" "ते इचारलं मी. म्हन्ले, लाल गेल्यावर. पिवळं-पांढरं तिचं नाय, ते नको मोजू म्हन्ले. लाल अजून नऊ हायती, रंगाखाली रंग. कुठलं कुठलं ते त्यांनी सांगून ठिवलंय मला." मग तिनं इकडं तिकडं पाहिलं, आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, आणि हळूच म्हणाली, "पर तुमचं वय झालंय, बाई. घोटभर प्या. कोन बघतंय?"

मी ओंजळ सोडली. खरं सांगते, मोह झाला होता. पण पस्तीस वर्षांच्या माझ्या नोकरीत मला असा उत्तरपत्रिका तपासणारा भेटला नव्हता. नापास तर केलंच, पण नऊ प्रश्न पुन्हा सोडवायला दिले… आणि दुसऱ्यांची एकही चूक माझ्या नावावर धरली नाही.

त्या दिवसापासून मी दर मंगळवारी जाते. मोजे न घालता. लेंड्यांचा आणि आंबट ताकाचा वास नखांत तीन दिवस राहतो, धाकटी नात जवळ येत नाही. दोन खडक झालेत, तिसऱ्याचा रंग फारच चिवट आहे, त्या वेळी दोन हात दिले होते मी, टिकावा म्हणून. दुपारी काम थांबवून सुमन कपारीशी जाते, ओंजळीनं पाणी पिते, तोंड पुसते आणि माझ्याकडं न पाहता सावलीला बसते. मी पिशवीतून घरची बाटली काढते. पाणी उन्हानं कोमट झालेलं असतं आणि त्याला प्लॅस्टिकचा वास येतो. पिते.