वरच्या आळीचं पाणी

माझं माहेर खोपटचं. वडील एसटीच्या डेपोत कामाला होते. लग्न होऊन मी मोहन्याच्या पुढच्या, नदीपलीकडच्या एका खेड्यात आले. नवरा रोज मानपाड्याला कंपनीत जातो, मी घरी शिवणकाम करते. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली तेव्हा आमच्या वरच्या आळीतली जागा बाईसाठी राखीव निघाली. विहाराजवळ बैठक झाली आणि बारावी शिकलेली म्हणून मला उभं केलं. मतं मागायला गेले तर प्रत्येक घरात एकच बोलणं, "ताई, दुसरं काही नको, आमच्या पाण्याचं तेवढं बघ."

आमचं पाणी म्हणजे दुपारी चारला सुटणारी करंगळीएवढी धार. खालच्या आळीत त्याच पाण्यात लोक गाड्या धुवायचे.

पहिली मासिक सभा जूनमध्ये झाली. ग्रामसेवकाकडे दोन गावं होती, त्यामुळे तो उशिरा आला, रेनकोटही न काढता खुर्चीत बसला आणि भराभर ठराव वाचत सुटला. सरपंचबाई मधूनमधून मान हलवत होत्या. मी नवीन. कुणाला काय विचारायचं तेच कळत नव्हतं. चहा आला, रजिस्टर फिरलं, सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केल्या. घरी येताना मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं होतं.

पावसाळ्यात पाण्याची ओरड नसते. ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं आणि आमची धार आणखी बारीक झाली. आधी निदान चार हंडे भरायचे, आता दोनवर आलं. आळीतल्या बाया माझ्या दारात येऊन उभ्या राहायला लागल्या.

माझा संशय गेला तो पाणी सोडणाऱ्या काकांवर. काका आगरी, खालच्या आळीत राहणारे, साठीच्या पुढचे. हातभर लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते गावभर फिरायचे. आधी खालच्या आळीची चावी, म्हणजे जमिनीतला व्हॉल्व्ह, उघडायची, मग ती बंद करून आमची. मी मशीनवर काम टाकून त्यांच्या मागे जायला लागले. झाडाआड उभी राहून घड्याळ बघायचे. आमची चावी उघडली चार वाजून दहा मिनिटांनी, बंद केली पाऊण तासानं. खालची सव्वा तास. हे सगळं मी वहीत लिहून ठेवायचे. एकदा काकांनी मला बघितलं. नुसते बघत राहिले. मला वाटलं, चोर सापडला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सरळच विचारलं, "काका, आमची चावी पूर्ण उघडता का?"

"मना काय इचारतेस?" ते म्हणाले. "मी चावी फिरवतो. पानी का येत नाय ते तुमच्या पंचायतीला इचार."

त्या 'तुमच्या'वर त्यांनी जो जोर दिला, तो मला उद्धटपणा वाटला. डिसेंबरच्या सभेत मी वही उघडून सगळं वाचून दाखवलं. खालच्या आळीतले सदस्य चिडले, पण वेळा लिहिलेल्या होत्या. सरपंचबाई म्हणाल्या, "ताईंचं म्हणणं बरोबर आहे." ग्रामसेवकानं तर फारच पटकन मान डोलावली. जानेवारीत काकांना कामावरून काढलं आणि सरपंचबाईंच्या नात्यातला एक माणूस ठेवला. त्यानं दोन्ही आळ्यांना सारखा वेळ दिला.

पाणी मात्र वाढलं नाही. उलट मार्चपर्यंत एका हंड्यावर आलं.

आता बाया दारात यायच्या बंद झाल्या. ते मला जास्त लागलं. मी वाटेनं चालले की बोलणं थांबायचं. नवरा म्हणाला, "अगं, पाइप कुठे फुटलाय का ते तरी बघा." नव्या माणसाला पाइपलाइन कुठून गेली आहे तेच ठाऊक नव्हतं. नकाशा मागितला तर ग्रामसेवक म्हणाला, जुनी लाइन आहे, नकाशा नाही. लाइन टाकली तेव्हा खड्डे खणायला असलेला गावात एकच माणूस उरला होता. ज्याला मी काढलं होतं तोच.

त्यांच्या घरी जायला मला तीन दिवस लागले; गेले ती नव्या माणसाला बरोबर घेऊनच. काका ओसरीवर भाताच्या कणगीला शेण लावत होते. मी म्हटलं, "काका, लाइन कुठून जाते तेवढं दाखवा." त्यांनी हात धुतले, कोपऱ्यातली पहार उचलली आणि चालायला लागले. टाकीपासून निघून नदीकाठच्या नव्या बंगल्यांच्या कुंपणापाशी थांबले. शहरातल्या लोकांनी सुट्टीसाठी बांधलेले बंगले. पायानं जमिनीवर रेघ मारून म्हणाले, "हितं खन."

नव्या माणसानं खणलं. कमरेएवढ्या खड्ड्यात आमचा पाइप दिसला आणि त्याला लावलेला निळा, नवाकोरा जोड. तो कुंपणाखालून आत गेला होता. आत हिरवळीवर फवारे उडत होते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "काका, तुम्हाला माहीत होतं? मग इतके महिने बोलला का नाहीत?"

काका माझ्याकडे बघत म्हणाले, "मी ग्रामसेवकाला इचारलेला. तो बोलला, ठराव झालाय, त्यावर वरच्या आळीच्या ताईचीच सही हाय. मना वाटला, तूच दिलास पानी. आनि वर माझ्या मागं वही घेऊन फिरतेस."

मी तशीच कार्यालयात गेले आणि रजिस्टर काढायला लावलं. जूनची सभा, सहावा ठराव. अमुक गटातील जागेस पाणीजोडणी देण्यास ना हरकत. बंगल्याचं नाव नाही, मालकाचं नाव नाही, नुसता गट नंबर. सूचक खालच्या आळीतला एक सदस्य. अनुमोदक म्हणून माझं नाव. खाली माझी सही, शाळेतल्यासारखी स्वच्छ, पूर्ण.

"मी अनुमोदन कधी दिलं?" मी विचारलं.

"वाचून दाखवलं होतं ना, ताई," ग्रामसेवक म्हणाला. "तुम्ही मान हलवलेली."

मी हलवली असेन. नसेनही. मला आजही आठवत नाही. माझं नाव आधीच लिहून ठेवलं होतं की नंतर घातलं, वरच्या आळीचीच बाई मुद्दाम निवडली की कुणीतरी हवं म्हणून मी, हे कुणी सांगितलं नाही. सरपंचबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "माझीपण सही आहे. मी तरी कुठे वाचते?" त्या खरं बोलत होत्या की नाही, त्यांच्या चेहऱ्यावरून मला ओळखता आलं नाही.

महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत मी उभी राहिले आणि तो ठराव अनुमोदकासकट वाचून दाखवला. म्हटलं, ही सही माझी आहे, न वाचता केली आहे, आणि हा ठराव रद्द करा. मग आमच्याच आळीतली एक बाई, जिच्या मुलीच्या लग्नाचे ब्लाउज मी शिवले होते, ती मागून म्हणाली, "ताई, तुला काय मिळालं ते पण सांग." लोक हसले. मी म्हटलं, "काही मिळालं नाही." हे बोलताना माझाच आवाज मला खोटा वाटला. पण हात वर झाले आणि ठराव रद्द झाला. तालुक्याला चार हेलपाटे घातल्यावर मेच्या शेवटी जोड तोडला. त्या दुपारी आमच्या आळीत सहा हंडे भरले. कुणी माझ्याकडे येऊन काही बोललं नाही.

राहिले काका. मी त्यांच्या घरी गेले, माझं चुकलं असं म्हटलं. ते म्हणाले, "राग गेला. पन तू झाराआडून बघायचीस ना, ता डोल्यासमोरून जात नाय."

मी त्यांना कामावर परत घेण्यासाठी त्यांच्या नावानं अर्ज लिहून नेला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांनी सगळा ऐकून घेतला. पेनही हातात घेतलं. मग आत हाक मारून सुनेला बोलावलं, कागद तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "तू वाच गो एकदा."

ती वाचत असताना ते माझ्याकडे नाही, तिच्या ओठांकडे बघत होते. मी ओसरीच्या कडेला बसून वाट बघितली. तिचं वाचून झाल्यावर त्यांनी सही केली आणि अर्ज माझ्याकडे न देता स्वतःच घेऊन पंचायतीकडे निघाले.