जवळ्याच्या पुड्या

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, तो आधीच गेला होता. मुलाला नाही. दर वर्षी इस्टरच्या आधी फादरसमोर गुडघे टेकून पापं सांगितली, त्यातही हे कधी आलं नाही. शेजारणीशी भांडले, शिळी मासळी ताजी म्हणून विकली, असलं सांगून उठायचे. हे मागे राहायचं. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरं आहे.

मी पाचूबंदरची. शाळा चौथीपर्यंत, मग डोक्यावर टोपली. लिलावात मी काय भाव बोलते ते ऐकायला बाकीच्या बायका थांबायच्या. नवरा गेला, होडी विकली, आणि मी मुलाकडे गोखिवऱ्याला राहायला आले. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मुलगा अंतोन, सून रिटा, नात जेनी. सुकी मासळी मी तिथेही विकायची, घरातूनच. पण बिल्डिंगीत मला कोण ओळखणार? बेल वाजली की दारातला माणूस माझ्या खांद्यावरून आत बघायचा आणि विचारायचा, "म्याडम आहेत का?"

म्याडम म्हणजे माझी सून.

रिटा कारखान्यांसाठी लिहायची. आसपास गाळेच गाळे होते. कुणी पाण्याचे पंप बनवायचा, कुणी बिस्किटं, कुणी केसांचं तेल. त्यांना माहितीपत्रकं लागायची, ती रिटा घरी बसून लिहून द्यायची. नोकरी नाही, हजेरी नाही. पंपातलं तिला काय कळत होतं? काही नाही. पण चार माणसांना चार गोष्टी विचारायची आणि असं लिहायची की पंपवालाच म्हणायचा, आज मला माझा पंप कळला.

मला ते बघवत नव्हतं. ती वाईट नव्हती — मला आई म्हणायची, पहिला चहा मला द्यायची. वाईट असती तर माझं सोपं झालं असतं.

आणि ती जेनीची खोली. नऊ वर्षांच्या पोरीला स्वतःची खोली, मी हॉलमध्ये झोपायचे. खाटेवर फ्रॉक, खाटेखाली मोजे, मोडके रंग, शिंपले, बाहुलीचा एक पाय — आणि सगळीकडे कागदाच्या होड्या. आईचं लिहून झालं की कच्चे कागद हिला मिळायचे, ही होड्या करायची. मी ओरडले की रिटा हसायची. "असू द्या आई. पसारा आहे, घाण नाही." टोपली वाकडी ठेवली म्हणून माझ्या आईने मला उलथन्याने मारलं होतं. या पोरीला कुणी बोट लावत नव्हतं. सख्ख्या नातीचा हेवा — कुणी करतं का? मी करायचे.

मग सुकी मासळी पाकिटात भरून विकणाऱ्या एकाचं काम आलं. मासळी कशी सुकवतात, कशी राखतात, याची त्याला पुस्तिका हवी होती. रिटा कागद घेऊन माझ्यापुढे जमिनीवर बसली. चार संध्याकाळी. बोंबलांच्या जोड्या तोंडात तोंड अडकवून वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, कशा टाकायच्या; हाताला कसं लागलं की सुकला म्हणायचं. इतकं माझं कुणी कधी ऐकून घेतलं नव्हतं. मला बरं वाटलं, हेही सांगितलं पाहिजे.

पाचव्या दिवशी मालक आला आणि तिने त्याला वाचून दाखवलं. ते माझ्यापेक्षा चांगलं होतं. मी तिला एवढंच म्हटलं होतं की वारा उत्तरेचा हवा. तिने लिहिलं होतं, 'मान भिजलेली असताना जो गार लागतो, तो वारा.' मला का नाही हे सुचलं? सगळा जन्म त्या वाऱ्यात गेला माझा.

रिटा मालकाला म्हणाली, "हे सगळं आमच्या आईंचं आहे." त्याने मला नमस्कार केला. मग तिच्याकडे वळला. "म्याडम, काय लिहिलंत. परवा सकाळी पक्का मजकूर न्यायला येतो."

दुसऱ्या दिवशी तिने चौदा पानं सुवाच्य उतरवून काढली. कच्चे कागद जेनीला गेले. पक्के कागद जेनीच्या खाटेवर ठेवून ती पोरीला शाळेतून आणायला गेली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरची बाई जवळा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, घ्यायला आली. पुडीला कागद नव्हता. मी त्या खोलीत गेले.

घरात सगळ्यांना वाटायचं, आईला जोडाक्षरं येत नाहीत. येतात. मी पहिली ओळ वाचली. वाऱ्याची ओळ शोधून वाचली. मग कच्चे-पक्के सगळेच कागद उचलले. चुकून नाही — ऐकताय ना? चुकून नाही. त्या बाईला दोन पुड्या बांधल्या. उरलेल्या बांधून टोपलीत भरल्या आणि जिने चढून-उतरून दारोदार खपवल्या. जवळा इतक्या लवकर माझा कधी संपला नव्हता.

संध्याकाळी रिटा शोधायला लागली. "आई, खाटेवरचे कागद बघितले का हो?"

"मी कशाला जाते त्या उकिरड्यात? लेकीला विचार. होड्यांना कागद तूच पुरवतेस ना, आता शोध पाण्यात."

तिने खोली उलटीपालटी केली. मग जेनीला मारलं. पहिल्यांदाच. "मी नाही घेतले, मी नाही घेतले," एवढंच पोर म्हणत होती आणि माझ्याकडे बघत होती. तिला ठाऊक होतं का? नाही. आजी सोडवेल म्हणून बघत होती.

थोड्या वेळाने रिटा माझ्याजवळ येऊन बसली. "पुन्हा सांगता का आई? बसून लिहून काढते."

"डोकं धरलंय माझं," मी म्हटलं.

सकाळी मालक आला, हात हलवत गेला, परत आला नाही. रिटाने पंपांचं, तेलाचं लिहिणं चालू ठेवलं. माझ्यापुढे कागद घेऊन ती पुन्हा कधी बसली नाही.

दोन दिवसांनी जेनी आपण होऊन आईला म्हणाली, "मीच होड्या केल्या." न केलेलं कबूल केलं. कशासाठी? आई बोलत नव्हती म्हणून. मी तिथेच तांदूळ निवडत होते. हात थांबला नाही माझा.

त्या दिवसापासून तिने खोली आवरली. कपड्यांच्या घड्या, वह्यांची चळत, शिंपले फेकले. होडी पुन्हा केली नाही. आल्यागेल्यांनी कौतुक केलं, काय शिस्त आहे पोरीला, आजीचं वळण. मी ते ऐकून घेतलं. वर्षानुवर्षं घेतलं.

आता ती नोकरी करते. परवा तिच्या ऑफिसातल्या बाईसाठी जवळा न्यायला माझ्याजवळ बसली. मी शेजारचा जुना कागद ओढला. तिने तो माझ्या हातातून घेतला, एक बाजू वाचली, उलटवून दुसरी वाचली.

"आजी, हा कुणाला लागणार नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

तिने कागद परत दिला. मी पुडी बांधली.