खिळ्याचं बोलणं

घोडा सोडला तर जगात कुणालाही नीट पाय टाकता येत नाही, असं ठामपणे मानणारा एकच माणूस मुंबईच्या उपनगरांत उरला आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. मामा नालबंद आहेत, म्हणजे घोड्यांना नाल ठोकतात. तरुणपणी कोकणातून गिरणीत कामाला आले, गिरणी बंद पडली. मालाडला त्यांच्या खोलीमागेच वरातीच्या घोड्यांचा तबेला होता. तिथल्या म्हाताऱ्या नालबंदाच्या हाताखाली जाऊन बसले, ते अजून उठलेले नाहीत. आमचं लग्न ठरायचं होतं तेव्हा बाकीच्यांनी मला शिक्षण विचारलं, पगार विचारला. मामांनी मला दारापासून खिडकीपर्यंत दोनदा चालायला लावलं, बाहेर जाऊन माझे बूट उलटे करून पाहिले आणि आत येऊन जाहीर केलं, "उजवी टाच भायरसून झिजता. बाकी झील बरो आसा." माझं लग्न त्या एका वाक्यावर ठरलं असं बायको अजून सांगते.

माणसांशी मामांचं बोलणं तिरसट, आणि तेही मनात आलं तर. चार प्रश्न विचारावेत तेव्हा एकाचं उत्तर मिळायचं. घोड्यांशी मात्र अदब. "बाई, पाय देवा," असं म्हणून ते वाकले की घोडी खरोखर पाय उचलते. तो खूर गुडघ्यांत धरून आधी सुरीने वाढलेलं नख तासायचं, मग कानशीने सपाट करायचं, मग ऐरणीवर नाल ठोकून ठोकून खुराच्या मापाची करायची. खूर नालेच्या मापाचा करणारे नालबंद वेगळे, ते मामांच्या लेखी कसाई. हे मी इतक्यांदा ऐकलंय की हल्ली बूट घेताना दुकानदारालाही ऐकवतो. दाराला ठोकायला काळ्या घोड्याची नाल मागणारी माणसंही तबेल्यात येतात. तिथे सगळ्या घोड्या पांढऱ्या. मामा खोटं बोलत नाहीत. "धवळ्या घोडयेची आसा. व्हयी तर न्हेवा, शनीक मी सांगतंय," म्हणतात.

एकदा आमच्याच इमारतीतल्या वरातीत बेंजो ऐन रंगात असताना मामा घोडीसमोर आडवे उभे राहिले. मागच्या पायाचा खिळा सैल झाला होता. त्यांनी भर रस्त्यात नवरदेवाला खाली उतरवलं. मुलाचे वडील खवळले, "अहो, मुहूर्त टळतोय, काय लावलंय हे?" मामा खुरातून मान वर न काढता म्हणाले, "नवरो दोन मिन्टां चल्लो तर झिजाचो नाय."

या कामातली खरी मेख खिळ्यात आहे. खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखी, तिला दुखत नाही. पण आत बोटभर अंतरावर जिवंत मांस. खिळा तिरका गेला की जिवाला लागतो. आत तर दिसत नाही, मग कळायचं कसं? कानाने. टणक नखात खिळा खणखणीत वाजतो, मऊ जागेकडे वळला की बद्द. "खिळो बोलता, आपण ऐकाचा," एवढंच मामांचं शास्त्र. मला दोन्ही आवाज सारखेच वाटायचे.

गेल्या लगीनसराईत तबेल्यातली शबनम लंगडायला लागली. मामांनीच दोन दिवसांपूर्वी तिला नाल ठोकली होती. त्यांनी नाल उचकटली, एकेक खिळा उपसून पाहिला. तिसरा रक्तापुवाने ओला निघाला. तबेल्याचा मालक समजूतदार माणूस. म्हणाला, "होतं मामा, बाजूला बिल्डिंगचं काम चाललंय, त्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार?" दहा दिवस मामा शबनमचा पाय कोमट मिठाच्या पाण्यात धरून बसले. अकराव्या दिवशी सगळी हत्यारं पोत्यात बांधून आमच्याकडे घाटकोपरला आले आणि पोतं कोपऱ्यात ठेवून बायकोला म्हणाले, "खिळो बोललो आसतलो गो. माकाच ऐकाक येवक नाय."

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्याला आम्ही इतकी वर्षं मामांचा तिरसटपणा म्हणून हसत होतो, त्यातला निम्मा बहिरेपणा होता. चारांतला एकच प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचत होता. मला फार लाज वाटली. बायको म्हणाली, "मामा, तू उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे येतोयस," आणि हे ती इतक्या मोठ्याने म्हणाली की मामांना नाही म्हणायला सबबच उरली नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कानात यंत्र बसवून हळूच विचारलं, "काका, माझं बोलणं ऐकू येतंय का?" मामा म्हणाले, "येता. पण तुमच्या बोलण्याचा माका काय काम?" पिशवीतून त्यांनी लाकडाचा ठोकळा, खिळे आणि हातोडी काढली आणि टेबलावर सुरू झाले. एक खिळा घट्ट लाकडात, एक फटीत. बाहेर बसलेले पेशंट दारात जमा झाले. दोन यंत्रं नापास झाली. तिसऱ्याला मामा थांबले, फटीतला खिळा पुन्हा ठोकला आणि पहिल्यांदाच हसले.

महिन्याभरानं शबनमचा पाय बरा झाला. नाल कोण ठोकणार हा प्रश्न होता. मालकानं दुसऱ्या नालबंदाचं नाव काढलंच नाही. मामांनी यंत्र कानात नीट बसवलं आणि खूर गुडघ्यांत धरला. पहिला खिळा ठोकला, थांबले. दुसरा ठोकला, थांबले. तिसऱ्या खिळ्यावर त्यांनी डोळे मिटले. "बोलता हा," ते पुटपुटले, आणि मग हातोडी न थांबता चालली.

संध्याकाळी शबनम मालाडच्याच मालवणी वस्तीतल्या एका वरातीला निघाली. मामा गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. सिमेंटच्या रस्त्यावर तिची चार पावलं एकसारखी वाजत गेली, वळणावर बारीक झाली, रिक्षांच्या गलक्यात बुडाली. बायको त्यांना चहाला हाक मारणार होती, मी तिला खुणेनं थांबवलं. आम्हांला काहीच ऐकू येत नव्हतं, तरी मामा यंत्रावर हात धरून, मान किंचित कलती करून तसेच उभे होते.