सायकलच्या ट्यूबची पट्टी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं ठाऊक होतं, ती गेली. आता तुम्ही ऐका — आणि ऐकताना माझी कीव करू नका. कीव यावी असा मी माणूस नाही.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. धुळे आणि जळगावच्या मधलं आमचं गाव — नाव कशाला घ्यायचं? नगरपालिका होती, नळ होते, म्हणून स्वतःला शहर म्हणवून घ्यायचं. शहर कसलं डोंबलाचं! सकाळी तासभर पाणी यायचं आणि तेवढ्यासाठी बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. त्या पाण्याचा मी मिस्त्री. खाकी शर्ट, खांद्याला पान्ह्यांची पिशवी, आणि ऐट अशी की जणू तापी मीच सोडतोय. लोक 'पाणीवाले भाऊ' म्हणायचे. मी फुगायचो.

नव्या टाकीचं उद्घाटन होतं, आणि आदल्या दिवशी आमच्याच गल्लीत पाइपाचा जोड फुटला. अक्काच्या दारासमोर, गटाराच्या बरोबर खाली. अक्का म्हणजे आमची शेजारीण. नवरा लवकर गेलेला, एकुलती एक मुलगी विमल. मला धाकट्या भावासारखं वागवायची, कढी केली की वाटीभर आमच्याकडे यायचीच.

जोड बदलायला हवा होता. नवा जोड गोदामात नव्हता, आणि पाहुणे मंत्री तर निघालेसुद्धा होते. साहेब म्हणाले, काहीतरी करून टाक. मी केलं. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली, आवळून गुंडाळली, वर सुतळी बांधली, माती लोटली. दुसऱ्या दिवशी हार, भाषणं, पेढे. नगराध्यक्ष चांदीच्या पेल्यातून टाकीचं पाणी घोटभर प्यायले — काय त्या टाळ्या! टाकीच्या पाण्याला काय धाड भरली होती? घाण पुढे होती, गटाराखाली. ती मी बांधून ठेवली होती.

उद्घाटन झालं की बघू, म्हटलं होतं. बघितलं नाही. मला कळत नव्हतं असं समजू नका. पाणी चालू असतं तोवर फुटका पाइप बाहेर गळतो. पाणी बंद झालं की तोच पाइप आत ओढतो, भोवती जे असेल ते. म्हणजे दिवसाचे तेवीस तास तो पाइप गटार पीत होता आणि सकाळी तेच गल्लीला पाजत होता. गावात ही गोष्ट माझ्याइतकी कुणाला ठाऊक होती?

म्हणून मी काय केलं? माझ्या घरात पाणी उकळायला लावलं. बायकोला बजावलं — कुणी विचारलं तर सांग, सासूबाईंना दमा आहे, त्यांना गरम पाणी लागतं. आईला कसला दमा! ती धडधाकट बाई ओट्यावर शेंगा फोडत बसलेली असायची. गल्लीच्या टोकाला एक मारवाडी शेठ राहायचे, ते धर्म म्हणून उकळलेलं पाणी प्यायचे. चारचौघांत मी त्यांची टिंगल करायचो. टिंगल करून घरी यायचो आणि उकळलेलं पाणी प्यायचो. असा मी.

चैत्रात विमल सावद्याहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा लागला होता. दुसऱ्याच दिवशी अक्का माझ्या ओट्याशी आली.

"भाऊ, पानी उकाळू का रे? पोर दोन जीवनी शे."

रॉकेल रेशनवर मिळायचं, तरी तिची तयारी होती. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. पण हो म्हटलं असतं, तर दुपारपर्यंत गल्लीभर झालं असतं, कुणीतरी खणायला लावलं असतं, आणि निघाली असती माझी पट्टी. नोकरी गेली असती का? छे! साहेबांनीच सांगितलेलं काम. चार टवाळ हसले असते, एवढंच. पाणीवाल्या भाऊची फजिती! त्या हसण्याला मी भ्यालो — दुसऱ्या कशालाही नाही.

म्हणालो, "कशाला? तुरटी फिरव, दुहेरी फडक्यानं गाळ, झालं."

तिनं तसंच केलं. तुरटीनं पाणी इतकं नितळ व्हायचं की हंड्याचा तळ दिसायचा. ती मला बोलावून कौतुकानं दाखवायची. नितळ दिसलं म्हणजे चांगलं — तिला तसंच वाटणार. मला कुठे तसं वाटत होतं? तरी मी मान डोलवायचो.

ज्येष्ठात विमलचे डोळे पिवळे झाले. गल्लीत आणखी तिघांना कावीळ झाली, ते उठले. विमल उठली नाही. पारोळ्याकडच्या कुणाचा तरी झाडपाला देऊन झाला, मग धुळ्याला नेली. बाळ पोटात घेऊनच गेली.

मी इथेच थांबलो असतो तर तुम्ही मला नुसता कामचोर म्हणाला असता. पण खरी नीचपणाची गोष्ट पुढेच आहे.

सावद्याची माणसं आली. विमलची सासू अंगणात उभी राहून अक्काला बोलत होती — माहेरी आणून मारली, काय पाजलंस, काय खाऊ घातलंस? कुणीतरी म्हणालं, पाण्याचं असेल. तेव्हा ती रडणारी अक्का एकदम ताठ झाली. माझी बाजू घेऊन! भाऊ पाणी खात्यात आहे, त्याला विचारूनच पाजलं, म्हणाली. आणि माझ्याकडे वळली.

"सांग ना रे भाऊ, पानी चांगलं व्हतं ना?"

सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. मी म्हणालो, "हो. चांगलं होतं."

मग काय उरलं? अक्काचा हात. सासू म्हणाली, हिच्याच हातचं बाधलं. अक्कानं ते खरंच मानलं — कारण पाणी चांगलं होतं, भाऊनं सांगितलं होतं.

आठवड्यानं गोदामात जोड आला. भर उन्हात, दारं लागलेली असताना, मी तो बसवला.

वर्षं गेली. माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला घरी आली. अक्का डिंकाच्या लाडवांचं सामान घेऊन आली, पण दारातच थांबली. परात बायकोच्या पुढे सरकवली.

"तुम्हीच वळा. मना हात नको लागाले तिले, भाऊ."

मी समोरच बसलो होतो. म्हणालो, "बरं, अक्का."